पाकिटावरचे नाव आणि मधली चौपन्न वर्षे

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कॉफीच्या दुकानातून आज अडीचशे ग्रॅमचे पाकीट उचलले, तर त्यावर मळ्याचे नाव असते. जिल्हा असतो, समुद्रसपाटीपासूनची उंची असते, झाडाचा वाण असतो, फळ धुऊन सुकवले की सालीसकट सुकवले हेही लिहिलेले असते. क्वचित मळा कसणाऱ्या कुटुंबाची दोन ओळींची ओळखही असते. ग्राहक ती वाचतो आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजतो. या छोट्या मजकुरामागे एक मोठा कायदेशीर इतिहास आहे. जवळजवळ अर्धे शतक असे पाकीट भारतात निघूच शकत नव्हते, कारण कॉफी पिकवणाऱ्याला ती स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या नावाने विकण्याची मुभाच नव्हती.

या इतिहासात महाराष्ट्राची जागा कोणती, हे आधी पाहणे बरे. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, महाबळेश्वरच्या डोंगररांगांना लागून कुडपण हे गाव आहे. शेलारमामांचे गाव म्हणून ते ओळखले जाते. उंची आहे, गारवा आहे, पावसाळ्यात धुके दिवसदिवस हलत नाही. भारतातल्या कॉफीची जन्मभूमी मानले जाणारे बाबा बुडनगिरी आणि हे कुडपण एकाच सह्याद्रीवर आहेत. मग तिकडे कॉफी आणि इकडे उतारावर नाचणी-वरी, असे का?

उत्तर पावसाच्या वेळापत्रकात आहे. शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कॉफीला पाण्याइतकीच पाण्याची वेळ महत्त्वाची. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर आली की कळ्या आठ-दहा दिवसांत एकदम फुलतात आणि मळा जाईजुईसारखा पांढरा होतो. त्यानंतर काही दिवसांनी दुसरी सर आली तर फळ धरते. चिकमगळूर-कोडगूच्या डोंगरांना वळवाची ही देणगी बऱ्यापैकी नेमाने मिळते. उत्तरेकडे सरकावे तसा कोरडा काळ लांबत जातो आणि वळवाचा भरवसा उरत नाही. परदेशी पिकांच्या बाबतीत महाबळेश्वरने एक धडा आधीच घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंगमळ्याजवळ सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली आणि काही वर्षांतच ती सोडून दिली.

महाराष्ट्रात कॉफीचे ठिकाण म्हणून नाव घेतले जाते ते विदर्भातल्या चिखलदऱ्याचे. मेळघाटात, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, राज्यातला कॉफी पिकणारा एकमेव प्रदेश अशी त्याची ओळख अमरावती जिल्हा अभिमानाने सांगतो. अभिमान रास्त आहे, प्रमाण मात्र इतके थोडे की देशाच्या कॉफी उत्पादनाच्या तक्त्यात महाराष्ट्राला स्वतंत्र रकाना मिळत नाही. तेव्हा मराठी मुलखाचा कॉफीशी संबंध आला तो मळ्याच्या बाजूने फारसा नाही, पेल्याच्या बाजूने आला. आणि पेल्याच्या बाजूची गोष्ट सुरू होते चर्चगेटला.

त्याआधी थोडे मागे जावे लागते. बाबा बुडन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात हजहून परतताना येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि चंद्रगिरीच्या डोंगरात पेरले, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेतले सात दाणे मोजायला कोणी गेलेले नाही, पण कॉफी येमेनमधून आली आणि पहिली दीडशे वर्षे ती परसातले, छोट्या वाड्यांतले झाड होती, यात शंका नाही. मोठे मळे आले ते १८३० नंतर, इंग्रज मळेवाल्यांबरोबर. म्हणजे आज ज्याला ‘छोट्या कुटुंबाचा मळा’ म्हणून नवलाईने पाहिले जाते, ते भारतातल्या कॉफीचे मूळ रूप आहे. मोठी इस्टेट ही नंतरची भर.

याच मलबार किनाऱ्यावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. तिथे १८३० पासून डच सरकारने सक्तीच्या लागवडीची पद्धत लादली : शेतकऱ्याने सरकार सांगेल ते पीक काढायचे आणि सरकार ठरवेल त्या भावाने सरकारलाच द्यायचे. या व्यवस्थेत काम केलेला एक डच अधिकारी, एडुआर्ड डाउवेस डेकर, नोकरी सोडून युरोपात परतला आणि ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने त्याने १८६० मध्ये ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. कॉफीच्या पेल्यामागे पिकवणारा कोण आणि त्याला काय मिळते, हा प्रश्न युरोपच्या दिवाणखान्यात नेणारे हे पहिले मोठे पुस्तक. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराची पहिली खूणचिठ्ठी निघाली, तेव्हा तिला याच कादंबरीच्या नायकाचे नाव दिले गेले. तिच्याखाली विकली गेलेली पहिली कॉफी मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातल्या छोट्या आदिवासी शेतकऱ्यांच्या संघाची होती.

भारतात मात्र पिकवणाऱ्याचे नाव पुसले गेले ते त्याला लुटण्यासाठी नव्हे, वाचवण्यासाठी. ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

१९३० च्या दशकातल्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. ब्राझीलमध्ये तर कॉफी जाळून टाकण्यात येत होती. भारतीय बागायतदारांचा माल मुख्यतः युरोपात जाई. देशात कॉफी पिणारे लोक म्हणजे जवळजवळ सगळे दक्षिणेतले. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. चहाच्या मुलखात कॉफी रुजवायची, तर ती लोकांना बसून प्यायला द्यायला हवी, असा विचार करून या समितीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे देशभर त्यांची साखळी झाली. पन्नाशीच्या दशकात मंडळाने ती बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ‘इंडियन कॉफी हाउस’ या नावाने ती चालवायला घेतली. त्या टेबलांवर काय काय शिजले, ती स्वतंत्र कहाणी आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि युरोपची बाजारपेठ बंद पडली. माल वखारीत सडणार, बागायतदार बुडणार, अशी वेळ आली. १९४० मध्ये वटहुकूम निघाला, १९४२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि आज जे कॉफी बोर्ड म्हणून ओळखले जाते त्याची पायाभरणी झाली. या व्यवस्थेचे हृदय म्हणजे ‘पूल’, अर्थात सामाईक साठा. नोंदणीकृत मळ्याने घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवायची. बाकीची सगळी बोर्डाच्या स्वाधीन करायची. बोर्ड ती एकत्र करणार, प्रतवारी लावणार, देशात आणि परदेशात लिलावाने विकणार आणि आलेले पैसे सर्वांना वाटणार. खाजगी विक्रीला मज्जाव.

पैसे वाटण्याची रीत पाहण्यासारखी होती. कॉफीच्या प्रत्येक प्रतीला काही गुण ठरवलेले असत. मळेवाल्याने दिलेल्या मालाचे गुण मांडले जात. हंगामातला माल विकला गेला की खर्च वजा करून एका गुणाला किती पैसे पडतात ते निघे आणि त्या हिशोबाने रक्कम मिळे. पण ती एकदम नाही. माल देताना थोडी उचल, मग हप्ते; शेवटचा हप्ता हाती येईपर्यंत पुढचे पीकही तोडणीला आलेले असे. गुण प्रतीला होते, मळ्याला नव्हते. कोणी फक्त लालभडक पिकलेली फळे तीन-चार फेऱ्यांत हाताने वेचली, रात्र जागून आंबवणीवर लक्ष ठेवले, तरी ठरलेल्या प्रतीत बसणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही पोत्याशेजारी त्याचे पोते रिते होई. चव कोणाची, हे त्या ढिगातून पुन्हा शोधून काढणे कोणालाच शक्य नव्हते, आणि कोणाला त्याची गरजही वाटत नव्हती. खप होता, भाव बरा होता आणि ऐंशीच्या दशकात सोव्हिएत संघासारखा मोठा गिऱ्हाईक रुपयांत व्यवहार करून माल उचलत होता. चोखंदळपणाची किंमत देणारा खरेदीदार या रचनेत शिरायला वाटच नव्हती.

तरीही पुलाला निव्वळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. दोन एकरांच्या मळेवाल्याला आणि दोनशे एकरांच्या मळेवाल्याला त्याच प्रतीला तोच भाव मिळत होता. गावातल्या दलालाने वजनात मारले, भाव पाडला, अशी सोय उरलेली नव्हती. भाव पडला तर तो सर्वांचा मिळून पडे. अनेक छोटी कुटुंबे या छत्राखालीच कॉफीकडे वळली.

या व्यवस्थेचा गाभा उघडा पडला तो एका करविषयक खटल्यात. कर्नाटक सरकारने म्हटले, बोर्ड बागायतदारांकडून कॉफी खरेदी करते, तर त्यावर खरेदीकर द्यावा. बोर्डाचे म्हणणे पडले की ही खरेदी नाहीच. कायद्याने माल सक्तीने ताब्यात येतो, बागायतदाराच्या इच्छेचा प्रश्न नाही, मग विक्री कुठली आणि कर कसला? म्हणजे बागायतदाराच्या हितासाठी जन्मलेली संस्था न्यायालयात सांगत होती की बागायतदार आम्हाला काही विकत नाही, आम्ही ते घेतो. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. सक्ती असली तरी या व्यवहारात संमतीचा अंश उरतो, मोबदला मिळतो, म्हणून ही विक्रीच होय आणि कर लागू आहे, असा निर्णय झाला. कॉफी पिकवणारा माणूस कायद्याच्या नजरेत विक्रेता आहे की नाही, हे ठरायला सेहेचाळीस वर्षे लागली. आणि ठरले तेव्हा निमित्त होते कराचे.

त्यानंतर सगळे वेगाने घडले. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धत मोडली आणि जगभर भाव गडगडले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. त्याच वर्षी भारताने आर्थिक धोरण बदलले. १९९२ पासून बागायतदारांना उत्पादनाचा काही हिस्सा स्वतः विकण्याची परवानगी मिळाली. हा हिस्सा दरवर्षी वाढत गेला. १९९४ च्या मध्यावर ब्राझीलमध्ये हिमदव पडून पीक गेले आणि जागतिक भाव चढले, तेव्हा पुलातून हप्त्याहप्त्याने मिळणारे पैसे आणि बाहेरचा रोख भाव यांतली तफावत डोळ्यांत भरू लागली. दहा हेक्टरांपर्यंतचे छोटे मळे आधी पूर्ण मोकळे झाले. १९९६ मध्ये सर्वच मोकळे झाले. १९४२ ते १९९६ अशी ही चौपन्न वर्षे.

मोकळीक मिळाली म्हणजे नाव मिळाले, असे मात्र झाले नाही. छोट्या कुटुंबाकडे गिऱ्हाईक चालत आले ते गावातल्या दलालाच्या रूपाने. आणि छत्र गेल्याची किंमत लवकरच कळली. व्हिएतनामची प्रचंड नवी लागवड बाजारात आली आणि २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला ५० सेंटांच्या खाली गेला. वायनाडमध्ये कॉफी आणि मिरी यांचे भाव मागोमाग पडले. तिथल्या शेतकऱ्यांच्या कर्जाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या त्या वर्षांतल्या आहेत. पूल असता तर भाव सावरला असता असे नाही, परंतु पडणाऱ्या भावाखाली कोण एकटा उभा होता, हे यातून दिसते.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग तोवर जुना झाला होता. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत कॉफीचा व्यापार करणाऱ्या एर्ना नुटसन यांनी १९७४ मध्ये एका व्यापारी नियतकालिकातल्या मुलाखतीत तो वापरला. विशिष्ट भूगोल आणि सूक्ष्म हवामान वेगळ्या चवीचा दाणा देतात, हा त्यामागचा विचार. पुढे त्याला मोजमाप आले : प्रशिक्षित चाखणाऱ्यांनी शंभरपैकी ऐंशी किंवा अधिक गुण दिले तर ती कॉफी या वर्गात बसते. २००० नंतर अमेरिकेतले काही कॉफी भाजणारे दलाल-निर्यातदारांची साखळी ओलांडून थेट मळ्यावर जाऊ लागले, चाखून माल निवडू लागले आणि वायदेबाजाराच्या आकड्याकडे न पाहता भाव ठरवू लागले. भारतात ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती २०१० नंतर. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ब्लू टोकाय या कंपनीने मळ्याचे नाव पाकिटावर ठळक छापण्याचा पायंडा पाडला. मुंबईत २०२० मध्ये वांद्र्यात सुब्को सुरू झाली. चर्चगेटच्या पहिल्या कॉफी हाउसपासून वांद्रे काही लांब नाही, पण पेल्यातल्या कॉफीला मळ्याचा पत्ता मिळायला ऐंशी वर्षांचा वळसा पडला.

इथे एक बारकावा सुटता कामा नये. भारतातल्या कॉफीच्या मळ्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक मळे दहा हेक्टरांच्या आतले आहेत. पाकिटांवर मात्र बहुधा मोठ्या, जुन्या इस्टेटींची नावे दिसतात. याचे कारण भाजणाऱ्यांची वाईट दानत नव्हे. कारण पाणी, यंत्र आणि जागा यांत आहे. एक किलो कच्चा दाणा मिळवायला पाच-सहा किलो पिकलेली फळे लागतात आणि भाजताना त्यातले पंधरा टक्क्यांहून अधिक वजन उडून जाते. फळ तोडल्याच्या दिवशीच गर काढायला यंत्र हवे, धुवायला पाणी हवे, मग ऊन-सावली सांभाळत दाण्यातला ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर आणायला सुकवणीचे मंच हवेत, आणि शेवटी साल काढून प्रतवारी करणारा क्युअरिंग कारखाना हवा. असा कारखाना चार पोत्यांसाठी चक्र सुरू करत नाही. छोट्याचा माल तिथे पोहोचेपर्यंत दलालाच्या वखारीत दहा मळ्यांच्या मालात मिसळलेला असतो. पूल कायद्याने गेला, पण वखारीत तो अजून शिल्लक आहे.

यातून बाहेर पडण्याची सर्वांत ठळक वाट आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्याने दाखवली. तिथल्या आदिवासी कुटुंबांचे मळे अगदी लहान. त्यांनी एकेकट्याने खरेदीदार शोधला नाही. नांदी फाउंडेशनच्या साहाय्याने सहकारी संस्था उभी राहिली. पिकलेली फळे एका ठिकाणी आणून त्यांवर एकाच काटेकोर रीतीने प्रक्रिया करण्याची सोय झाली आणि २०१७ मध्ये ‘अराकू’ या नावाने पॅरिसमध्ये दुकान उघडले. २०१९ मध्ये अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकनही मिळाले, कोडगू, चिकमगळूर, बाबा बुडनगिरी आणि वायनाडच्या कॉफीबरोबरच. इथे पाकिटावर कुटुंबाचे नाव नाही, खोऱ्याचे आहे. एकत्र माल, सामाईक प्रक्रिया, वाटून मिळणारा मोबदला : रचनेत पुलाची आठवण यावी असे बरेच काही आहे. फरक इतकाच की माल एकत्र करताना चव हरवू दिली नाही, उलट तिच्यासाठीच तो एकत्र केला.

थेट खरेदीतला सर्वांत अवघड भाग चवीचा नसून पैशांच्या वेळेचा आहे. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारीत होते. फक्त पिकलेले फळ वेचायचे तर त्याच झाडाखाली मजूर तीन-चार वेळा आणावे लागतात, आणि मजुरी दर आठवड्याला रोख द्यावी लागते. चाखणी, निवड आणि खरेदी होते ती सुकवणीनंतर, फेब्रुवारी-मार्चच्या पुढे. मधल्या महिन्यांत कुटुंब चालते ते दलालाच्या उचलीवर, आणि उचल घेतली की माल त्याचा झाला. ज्या खरेदीदारांनी ही गोम ओळखली, त्यांनी तोडणीच्या आधीच काही रक्कम द्यायला सुरुवात केली. ज्यांनी ओळखली नाही, त्यांना मार्चमध्ये मळ्यावर गेल्यावर रिकामी कोठी दिसली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या नात्याची उलट्या बाजूने परीक्षा झाली. ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे न्यूयॉर्कचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. १९७७ मध्ये ब्राझीलच्या हिमदवानंतर जो उच्चांक झाला होता, तोही मागे पडला. वर्षभरापूर्वी ठरवलेला ‘चांगला’ भाव आता दारात आलेल्या दलालाच्या रोख भावापेक्षा कमी भरू लागला, आणि दलाल तर तीन फेऱ्यांची वेचणीही मागत नव्हता, ऐंशी गुणही मागत नव्हता. शब्द पाळावा तर घरात येणारे पैसे सोडायचे, शब्द मोडावा तर भाव पुन्हा उतरल्यावर कोणाच्या दारात जायचे. पूल असताना हा प्रश्न कोणाच्या वाट्याला येत नव्हता. आता तो त्या कुटुंबाने सुकवणीच्या मंचापाशी बसून, दलालाची गाडी बाहेर उभी असताना सोडवायचा होता.